पाण्याचा पुमसे

"ह्यांना घेऊन जा बाई कुठेतरी," आई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली. "सकाळपासून माझ्या डोक्यावर मिरे वाटतायत."

बाबा तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागरीत तेल सोडत होते. बिजागरी कुरकुरत नव्हती. आदल्या दिवशी त्यांनी कपड्यांचं कपाट एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे नेलं होतं आणि संध्याकाळी पुन्हा होतं तिथे आणून ठेवलं होतं. उभा जन्म त्यांनी उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवली. वरच्या त्या काचेच्या केबिनमध्ये चढून बसले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलायचे नाहीत. हलायचं ते क्रेननं. मग रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी शिडी चढायला बंदी केली, आणि इतक्या वर्षांची साठलेली हालचाल एकदम अंगात आली. घरात त्यांचा पाय म्हणून ठरत नव्हता.

लेक तरी काय वेगळी होती? लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे. आता तिशी उलटली होती, कमरेला तायक्वांदोचा काळा पट्टा होता, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर स्वतःचा वर्ग होता, तिथे पोरं तिला मॅडम म्हणत. पण घराचा उंबरा ओलांडला की ती भिंगरीच.

"कुठे नेऊ ह्यांना?" तिनं विचारलं.

"तुझ्या वर्गात ने. मारू देत तिकडे लाथा. इथे येता-जाता माझ्या टोपलीला मारतात त्यापेक्षा बरं."

भिंगरीला हसू आलं, पण बाबांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

"पांढरा पट्टा लगेच मिळतो का?"

"तो सगळ्यांनाच मिळतो, बाबा."

"आणि काळा?"

"त्याला वर्षं जातात."

"बघू," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडचं 'बघू' म्हणजे 'उद्या सकाळी' असं घरातल्या दोघीही जाणून होत्या.

वर्गात पट्ट्याच्या मानानं उभं राहायचं असतं. वरच्या पट्ट्याचे पुढे, नवखे शेपटाला. बाबा शेपटाला उभे राहिले, त्यांच्या कमरेला लागणाऱ्या पोरांच्या ओळीत, घोट्याच्या वर चढलेल्या पांढऱ्या पायजम्यात. वर्गात त्यांना काय म्हणायचं हे भिंगरीनं ठरवलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, डावा पाय!" पोरांना वाटलं, हेच नाव. आठवडा सरायच्या आत सगळा वर्ग त्यांना बाबा म्हणू लागला, आणि खालचे टायरवालेसुद्धा.

ते मात्र शिस्तीत "हो मॅडम" म्हणायचे. म्हणताना आरशातून एक डोळा बारीक करायचे.

प्रत्येक पट्ट्याला आपापले पुमसे असतात. पुमसे म्हणजे समोर कुणी नसताना लढायचं. ठरलेली पावलं, ठरलेले बचाव, ठरलेले ठोसे, आणि शेवटी जिथून निघालो तिथेच परत यायचं. पांढऱ्या पट्ट्याचा पुमसे आकाशाचा. पिवळ्यावर तळ्याचा आणि अग्नीचा, हिरव्यावर मेघगर्जनेचा आणि वाऱ्याचा, निळ्यावर पाण्याचा. लाल पट्ट्यावर पर्वताचा आणि शेवटचा, पृथ्वीचा. मग काळा.

बाबांचं आकाशापासूनच अडलं. पावलं चुकायची असं नाही, डोकं तल्लख होतं. पण पहिला ठोसा पोचायच्या आत दुसरा सुटायचा.

"बाबा, आधी ठोसा पोचू द्या."

"पोचला."

"नाही. खांद्यातच आहे अजून."

"मॅडम, समोर माणूस असता तर एव्हाना आडवा झाला असता."

"समोर कुणी नाहीये, बाबा. म्हणूनच तर पोचवायचा."

पोरं खुदखुदायची. बाबाही हसायचे आणि पुन्हा तेच करायचे. स्वतःचा पुमसे करता करता त्यांचं लक्ष पुढच्या ओळीत असायचं, तिथे काय चाललंय ते बघायचे, घरी जाऊन पलंगाच्या कडेला उभं राहून तेच करून बघायचे. हातात एक घास आणि डोळा पुढच्या पानावर. तरी मेहनतीला कमी नव्हते. पिवळा मिळाला, हिरवा मिळाला, निळाही मिळाला. परीक्षेच्या संध्याकाळी नव्या पट्ट्याची गाठ नीट बसायच्या आत विचारायचे, "पुढचा कधी?"

आईला मात्र घर परत मिळालं होतं. कपाट जागच्या जागी राहिलं. ब्लाउजांच्या कापडांची चळत कुणी हलवेनासं झालं. "देव भलं करो त्या कोरियावाल्यांचं," ती म्हणायची.

हिरव्या पट्ट्याच्या पोरांना भिंगरी वाऱ्याचा पुमसे शिकवत होती तेव्हा बाबा स्वतःचा सराव सोडून मध्येच थांबले आणि पोरांना सांगू लागले, की वादळ येणार असलं की क्रेनचा तो लांबच लांब हात बांधून ठेवायचा नसतो. ब्रेक काढून मोकळा सोडायचा. वारा नेईल तिकडे वळू द्यायचा. "बांधला तर मोडतो," ते म्हणाले. "आम्ही खाली उभे राहून बघायचो. अख्खी क्रेन आपली आपण फिरते." पोरं आ वासून ऐकत होती. भिंगरीला वेळेची काळजी. "पुरे बाबा, पावलं," ती म्हणाली, आणि तिच्या स्वतःच्या आवाजातली धार तिलाच टोचली.

कारण त्याच दुपारी तिला फोन आला होता. दुसऱ्या शहरात, बसनं रात्रभराच्या अंतरावर, एक मोठी क्रीडा प्रबोधिनी होती. तिथल्या कुमार संघाला प्रशिक्षक हवी होती. त्यांनी भिंगरीच्या मुलांना एका स्पर्धेत बघितलं होतं. "विचार करून कळवा, पण लवकर कळवा," तिकडच्या बाई म्हणाल्या होत्या.

विचार काय करायचा? तिला जायचंच होतं. इतकं, की त्या दिवसापासून तिला धड चहाही पिववेना. कप तोंडाला लावायचा आणि उठून खिडकीशी जायचं. वर्गात मोजणी करताना मधलेच आकडे गळायचे. रस्त्यानं चालताना मनात सामान बांधणं चालू असायचं: हे न्यायचं, ते ठेवायचं. आणि प्रत्येक वेळी सामानाच्या शेवटी बाबा उभे राहायचे, अपुऱ्या पायजम्यात, "पुढचा कधी?" विचारत.

तिनं आईला सांगितलं. आईनं यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

"जा," ती म्हणाली. मग चाकावरचा हात न काढता, "पण ह्यांना इतक्यात बोलू नकोस."

"का?"

"आता कुठे माणूस ताळ्यावर आलाय. निळा झाला, लाल होऊ दे. मग सांग. आनंदात असला की माणूस ऐकून घेतो."

"आणि लाल कधी होणार? ते लोक थांबतील का?"

"मास्तरीण तू आहेस. मला काय विचारतेस?"

तर असं झालं. मायलेकींनी मिळून एक गोष्ट पदराखाली झाकली, आणि झाकलेली गोष्ट दोघींनाही चैन पडू देईना. आई टाके उसवून पुन्हा घालू लागली. भिंगरी प्रबोधिनीला आज कळवते, उद्या कळवते म्हणत राहिली आणि इकडे वर्गात बाबांना पुढे पुढे ढकलू लागली. पाण्याचा पुमसे तिनं इतरांना जेवढ्या वेळात शिकवला असता त्याच्या निम्म्या वेळात शिकवला. चुका दिसल्या तरी "ठीक आहे, पुढे," म्हणाली. बाबा खूश. घोड्याला हवा तसा उतार मिळाला होता. एकदाच त्यांनी विचारलं, "हल्ली तू घड्याळाकडे फार बघतेस गं?" ती म्हणाली, "घड्याळ मागे पडतंय, सेल बदलायला हवा."

शेवटी तिनं प्रबोधिनीला होकार कळवला आणि पुढच्याच रविवारी परीक्षा ठेवली.

परीक्षेला तिच्या शेजारी बेकरीवाली ताई बसली होती. ही वर्गातली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. पहाटे भट्टी लावायची, संध्याकाळी लाथा मारायची, दोन्ही कामं सारख्याच मुकाट्यानं. ताईला काळा पट्टा मिळाल्यापासून परीक्षेला भिंगरी तिला सोबत घ्यायची.

बाबांचं नाव पुकारलं. ते मॅटच्या मधोमध येऊन वाकले.

सुरुवात देखणी झाली. पाण्याच्या पुमसेत एका ठिकाणी दोन्ही हात छातीशी ओलांडून अगदी सावकाश खाली उघडायचे असतात, जसा बांधाचा दरवाजा उघडावा तसे. बाबांनी ते इतकं सावकाश केलं की भिंगरी जागच्या जागी पुढे झुकली. लाथ बसली, पोटातून आरोळी निघाली. आणि मग शेवटचा भाग आला. इतर पुमसे पुढे जाऊन संपतात. पाण्याचा पुमसे मागे जात संपतो. बचाव करत, नजर समोर ठेवून, पाऊल मागे, पुन्हा मागे.

बाबा पुढे गेले. पहिलं पाऊल पुढे, दुसरं पुढे. दुसऱ्याला त्यांना कळलं असावं, कारण मान किंचित हलली. पण अंगाला लागलेली धाव कुठली थांबायला? उरलेली पावलंही त्यांनी पुढेच टाकली, शेवटचा ठोसा मारला आणि खिडकीच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहिले. बेकरीवाल्या ताईचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं.

"पास," भिंगरी म्हणाली.

ती उठली, लाल पट्टा हातात घेतला, त्यांच्यापुढे धरला. बाबांनी हात पुढे केला नाही.

"मॅडम, मी कुठे उभा आहे?"

"बाबा…"

"सुरुवात कुठून केली होती?"

तिनं मागे बघितलं. मॅटच्या मधोमध जागा रिकामी होती, सगळ्यांना दिसत होती.

"मग पास कसा?"

"बाकीचं सगळं चांगलं झालं. तो हात उघडण्याचा भाग तर…"

"बाकीचं मी विचारलंच नाही."

त्यांनी तिच्या हातातून पट्टा घेतला, नीट घडी घातली, नेऊन टेबलावर ठेवला. नियमाप्रमाणे वाकले. मग पायात चपला सरकवून जिना उतरून गेले.

भिंगरीनं ताईकडे बघितलं.

"जा," ताई म्हणाली. "पोरांना मी बघते." आणि भिंगरी दारात पोचल्यावर म्हणाली, "मी असते तर नापास केलं असतं."

रस्त्यावर रविवारची सुस्ती होती. दुकानांची शटरं अर्धी खाली, कुणी पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलेलं. त्यातून पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं चालली होती, एक पुढे झपाझप, दुसरी मागून पळत. लोक वळून बघत होते. बाबा दोन चौक थांबले नाहीत. थांबले ते एका बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणाशी. आत क्रेन चालू होती. सवयीनं त्यांची मान वर गेली.

"माझं काय चुकलं ते मला ठाऊक आहे," ते वर बघतच म्हणाले. "तुझं काय चुकलं ते सांग."

तिनं एका दमात सांगून टाकलं. प्रबोधिनी, फोन, होकार, कधी निघायचं ते. बाबांची नजर क्रेनवरच होती.

"आईला माहीत आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे घरात येडा मी एकटाच."

"तसं नाही हो बाबा. तुम्ही आता कुठे रमला होतात. आम्हाला वाटलं, लाल पट्टा मिळाला की…"

"की काय? मी पाळण्यातलं पोर आहे का गं? हातात लाल खुळखुळा दिला की आई कामाला मोकळी?"

आता भिंगरीचंही डोकं फिरलं. "मग काय करायला हवं होतं मी? एक पट्टा बांधून होत नाही तोवर पुढचा कधी, पुढचा कधी! तुमच्या घाईमागे धावता धावता माझी दमछाक झाली. मला माझंही काही असेल की नाही?"

"माझी घाई माझ्या स्वभावात आहे. तू मास्तरीण आहेस. मला थांबवायचं काम तुझं."

"आणि मला कोण थांबवणार?"

"तुला थांबवायला इथे आलंय कोण?" बाबा ओरडले. "जा की! मी नाही म्हटलं असतं असं वाटलं तुला? विचारलंस तरी का?"

आवाज इतका चढला की कुंपणाचं छोटं दार उघडून वॉचमन बाहेर आला. त्यानं दोघांच्या पोशाखाकडे आळीपाळीनं बघितलं आणि सावधपणे एक पाऊल आतच ठेवलं.

"काय झालं साहेब?"

"काही नाही. लेक मोठ्या नोकरीवर चाललीय."

"मग भांडताय कशाला?"

वॉचमननं मान हलवत दार लावून घेतलं. भिंगरीला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही आलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. "चल, ऊन वाढलंय," एवढंच म्हणाले, आणि परतीच्या वाटेवरही ते पुढेच होते.

राग काही दुसऱ्या दिवशी निवळला नाही. बाबा आईशी बोलेनासे झाले. भाजीत मीठ कमी असलं तर भिंतीला सांगायचे. तेलाची बुधली पुन्हा निघाली. कपाट पुन्हा हललं. "आता भिंती सरकवतील," आई भिंगरीच्या कानाशी पुटपुटली. पण तिचाही चेहरा उतरला होता. एका जेवणाच्या वेळी तीच म्हणाली, "सांगू नको असं मी म्हटलं होतं. तिच्यावर नका काढू." बाबा ताटावरून उठले नाहीत, पण घास हातातच राहिला.

त्यानंतरच्या संध्याकाळी भिंगरी वर्ग उघडायला गेली तर बाबा जिन्यात बसले होते, पोशाख घालून, कमरेला निळा पट्टा.

"मागचं पाऊल दाखव," ते म्हणाले.

उरलेले दिवस ती तेच दाखवत राहिली. बाबांना मागे पाय टाकायचा तर आधी मान वळवून मागे बघावंसं वाटायचं.

"बघायचं नाही बाबा. नजर समोर."

"मागे काय आहे ते न बघता? आमच्या कामावर असं करणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचे."

"मागे मॅट आहे. दुसरं काही नाही."

"असं तू म्हणतेस."

एकदा ते तोल जाऊन बसलेच, धपकन. भिंगरी धावली नाही. त्यांनी बसल्या बसल्या मॅटला दोन शिव्या घातल्या, तिनं ऐकू न आल्यासारखं केलं, आणि ते उठले. दोन पावलं जमू लागली. तिसरं तिरकं जायचं. चौथ्याची तर वेळच यायची नाही. ती पहिल्यांदाच त्यांना दामटत नव्हती. "पुन्हा," म्हणायची. "पुन्हा." त्यांचा घाम गळ्यावरून पोशाखात उतरायचा आणि ती मनात दिवस मोजायची, कारण दिवस संपत आले होते आणि तिसरं पाऊल तिरकंच जात होतं.

निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मी आठवडाभरानं जाते. कळवते त्यांना."

"माझं एक पाऊल तिरकं पडतंय म्हणून तू गाडी सोडणार?"

"एक नाही. दोन."

"बेकरीवाली आहे ना वर्ग घ्यायला. ती सोडणारी बाई नाही. तू जा."

बस स्थानकावर बाबांनी तिच्या बॅगा तीनदा लावल्या आणि काढल्या. ड्रायव्हरला टायरमधल्या हवेबद्दल विचारलं. आईनं डबा दिला, पाण्याची बाटली दिली, ओढणीची मोकळी झालेली शिवण बोटांनी चाचपली. गाडी सुटायला अजून वेळ होता, पण बाबांना तो वेळ निभेना. "पोचलीस की फोन कर," म्हणून ते वळले आणि चालू लागले. खिडकीतून भिंगरीला त्यांची पाठ दिसत राहिली, गर्दीतून भराभर दूर जाणारी. आई मागे राहिली, गाडी हलेपर्यंत.

नव्या शहरात गेल्यावर आतली तगमग शांत होईल असं भिंगरीला वाटलं होतं. झाली नाही. मुलं चपळ होती, हॉल मोठा होता, बाई चांगल्या होत्या. तरी ती भाड्याच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायची. परीक्षा घेताना एखाद्या मुलाचा पुमसे थोडासा ढिला पडला की तिची लेखणी अडायची. पण आता ती "नापास" लिहायची, आणि त्या मुलाला जवळ बोलावून का ते सांगायची.

घरून आईचे फोन यायचे. ताईनं बाबांना नापास केलं. बाबांनी त्या दिवशी जेवण टाकलं, ताईच्या बेकरीचा पाव घरात आणायला बंदी केली. दुसऱ्या दिवशी वर्ग उघडायच्या आधी जिन्यात जाऊन बसले. बंदी चार दिवस टिकली, असं आई म्हणाली.

मग एका रविवारी, वर्ग सुरू व्हायच्या जरा आधी, बाबांचा स्वतःचा फोन आला.

"लाल मिळाला."

भिंगरी हॉलबाहेरच्या बाकावर बसली. "मागची पावलं?"

"चारही. शेवटच्याला डगमगलो. बेकरीवाली म्हणाली, डगमगलेलं चालेल." ते धापा टाकत होते, बहुतेक अजून पोशाखातच होते. "मी तिला म्हटलं, पुन्हा करून दाखवू का? म्हणाली, गरज नाही, बसा."

"बसलात का?"

"बसलो." मग लगेच, "आई आली होती बघायला. पहिल्यांदा. कापड, कात्री, सगळं टाकून. तिला काही कळलं नाही त्यातलं. पण टाळ्या वाजवल्या तिनं, चुकीच्या जागी. मेघगर्जनेच्या पुमसेला, तोही दुसऱ्याच कुणाच्या तरी."

पलीकडून आईचा आवाज आला, "खोटं सांगतायत!" आणि फोनची ओढाताण ऐकू आली. भिंगरीला बोलायचं होतं, पण दारातून मुलं डोकावत होती.

"बाबा, वर्ग आहे. संध्याकाळी करते फोन."

"जा, जा. थांबवू नकोस त्यांना."

ती आत गेली. मुलं ओळीत उभी राहिली होती, पट्ट्याच्या मानानं, लांबच लांब. ती वाकली, सगळे वाकले. "सुरू करा," म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा तिनं पाठ फिरवली आणि उघडीच असलेली खिडकी उघडायला गेली.